कुंभार्लीचा उतार आणि पुढचा ब्रेक

पोफळीला घाट संपला की आण्णा गाडी कडेला घ्यायचे, पुढच्या चाकाशी उकिडवे बसायचे आणि हाताची उलटी बाजू ड्रमला टेकवायचे. तळहात कधीच नाही. तळहात भाजला तर चार दिवस पाना धरता येत नाही, असं सांगायचे. क्षणभर हात टेकवून लगेच काढायचे, मग मान हलवायचे, आणि त्यानंतर चहा. मी तेव्हा टाकीवर बसण्याच्या वयाची होते. घाट उतरल्यावर गाडीला ताप आलाय का हे बघायचंच असतं, अशी माझी समजूत झाली होती.

गाडी 1986 ची बुलेट 350. काळी टाकी, कास्ट आयर्नचं इंजिन, गिअर उजव्या पायात आणि मागचा ब्रेक डाव्या पायात. मी गाडी शिकले तीच या उलट्या पायांवर. पुढे ऑफिसात एकाची नवी गाडी चालवायला घेतली, तेव्हा थांबायला म्हणून डावा पाय दाबला आणि गिअर पडला. हात मात्र चुकला नाही. पुढचा ब्रेक त्याही गाडीत उजव्या हातात, आमच्याही गाडीत उजव्या हातात. नंतर मी ज्या भानगडीत पडले तिची सुरुवात खरं तर या हातापासूनच आहे.

आण्णा पोफळीच्या वीजगृहात होते आणि आम्ही अलोऱ्याच्या कॉलनीत राहायचो. आजी कराडला. त्यामुळे महिन्यातून दोनदा तरी कुंभार्ली चढायचा, हेळवाक, पाटण करत कराड गाठायचं, आणि रविवारी संध्याकाळी परत उतरायचं. आता आम्ही सगळे कराडात असतो. आण्णांचे गुडघे गेल्यापासून गाडी माझ्याकडे आली. नावावर अजून त्यांच्याच आहे.

दोन वर्षांपूर्वीच्या गौरी-गणपतीत आईला मागे बसवून मी चिपळूणला मावशीकडे निघाले होते. पाऊस थांबला होता, पण रस्ता ओला होता आणि दरडीवरून पाणी झिरपत होतं. पुढे सिमेंटचा ट्रक. त्याच्या मागे मी तिसऱ्या गिअरमध्ये उतरत होते. दुसऱ्यात असायला हवं होतं, ही माझी चूक. सबंध घाटभर लिव्हर थोडी थोडी दाबलेली होती. एका वळणावर खालून एसटी आली आणि ट्रक जागच्या जागी थांबला. मी लिव्हर ओढली. ती आली, आणखी आली, आणि हँडलच्या मुठीला येऊन टेकली. गाडीचा वेग मात्र उतरेना. डावा पाय पूर्ण दाबला तसं मागचं चाक लॉक होऊन घसरायला लागलं. ट्रकच्या मागच्या फळीवरची अक्षरं वाचता येतील इतकी जवळ आली, तेव्हा मी हँडल डोंगराकडच्या गटाराच्या बाजूला वळवलं. गाडी मातीत रुतून थांबली. माझा कोपर दरडीला घासला होता. आईचे दोन्ही हात माझ्या खांद्यांवर होते आणि ते तिनं पोफळी येईपर्यंत काढले नाहीत. ती एक शब्दही बोलली नाही.

परत आल्यावर आण्णांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. एवढंच विचारलं, "लिव्हर मुठीला टेकली?"

"हो."

"पूर्ण?"

"पूर्ण."

मग त्यांनी वही मागितली. वीजगृहात आयुष्य गेलेला माणूस. काही बिघडलं की आधी आकडा मांडतो. गाडी एकशे पासष्ट किलो, आम्ही दोघी आणि सामान मिळून एकशे पस्तीस, असे तीनशे किलो. घाटाचा उतार जवळपास पाचशे मीटर उंचीचा. गुणाकार करून त्यांनी लिहिलं : 0.4 युनिट.

"एवढी वीज झाली असती तुझ्या उतरण्याची," ते म्हणाले. "साडेचार लिटर पाणी उकळलं असतं तिच्यावर. कोयनेचं पाणी याच उंचीवरून खाली येतं, त्याची आपण वीज करतो. तू खाली आलीस त्याचं काय झालं? सगळी उष्णता. थोडी इंजिनानं खाल्ली, थोडी वाऱ्यानं. बाकीची कुठं गेली?"

बाकीची गेली होती एका सहा इंची ड्रममध्ये.

मला तोपर्यंत ब्रेक म्हणजे जोर वाटायचा. जोरात दाबला की जोरात लागतो, एवढंच. त्या दिवशी पहिल्यांदा तो चुलीसारखा दिसला. ब्रेक वेग नाहीसा करत नाही, तो वेग उष्णतेत बदलून कुठंतरी ठेवतो, आणि ठेवायला जागा लागते. आमच्या ड्रममध्ये ती जागा संपली होती. ड्रम तापला की फुगतो, म्हणजे त्याला आतून दाबणाऱ्या ब्रेक शूपासून लांब जातो. त्याला गाठायला शूला जास्त हलावं लागतं, म्हणून लिव्हर जास्त आत येते. त्यात शूवरचे लायनर, म्हणजे घर्षणाचं अस्तर, तापून गुळगुळीत झालेले. शू ड्रमला पोचतात तोवर लिव्हरचा प्रवास संपलेला असतो.

त्या संध्याकाळी आण्णांनी पोफळीची गोष्ट सांगितली. ती मी लहानपणी ऐकली असणार, पण कळली नव्हती. डोंगराच्या पोटातल्या त्या वीजगृहात पेल्टनची चाकं आहेत. कडेला वाट्या बसवलेलं मोठं चाक, आणि त्या वाट्यांवर पाण्याचा फवारा. मशीन बंद करायचं म्हणून फवारा थांबवला तरी ते जड चाक कितीतरी वेळ फिरतच राहतं. मग एक लहान फवारा वाट्यांच्या पाठीवर, उलट्या बाजूनं सोडतात. वेग बराच उतरला की मग जनरेटरचे ब्रेक लावायचे. भर वेगात लावले तर ब्रेकच जळून जातील. "आधी पाण्यानं, मग ब्रेकनं," आण्णा म्हणाले. "घाटात आधी गिअरनं, मग ब्रेकनं. मी तुला दुसऱ्यात उतर म्हणतो, ते काय उगाच?"

तरीही दुसऱ्या गिअरवर सगळं भागवायचं, हे मला पटेना. आण्णा उतरायचे तेव्हा त्या घाटात समोरून तासाभरात मोजकी वाहनं यायची. पुढच्या गाडीशी शंभर फूट अंतर ठेवलं तर ते शंभर फूट तुमचेच राहायचे. आता तेवढं अंतर सोडलं की त्यात एक जीप शिरते. गाडी तीच, घाट तोच, पण अंतर आपल्या हातात राहिलं नाही. ते गेलं त्याची भरपाई कुठून तरी करायला हवी होती.

मेकॅनिक चाचांकडे गेले. आमच्या गाडीला त्यांच्याखेरीज दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नाही. मी थेट म्हणाले, डिस्क बसवायची. त्यांनी नकार दिला. "आधी आहे तो ब्रेक नीट करू. हा ब्रेक काय आहे तेच तुला अजून माहीत नाही," म्हणाले. तेव्हा राग आला होता. आज कुणी मला जुन्या गाडीच्या ब्रेकबद्दल विचारलं तर मीही हेच सांगते.

ड्रम उघडला तर आत काळी भुकटी आणि आरशासारखे चकाकणारे लायनर. ड्रम थोडा अंडाकृती झाला होता. लिव्हर हलकी धरून चाक फिरवलं की एका जागी पकडायचं आणि पुढे सोडायचं. तो लेथवर टर्न करायचा होता, पण चाचांनी सुटा हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, द्यायला नकार दिला. रिम आणि तारांसकट पूर्ण चाकच लेथवर चढवायचं. कारण तारा ताणल्या की हब किंचित ओढला जातो. सुटा असताना गोल केलेला ड्रम तारा भरल्यावर पुन्हा गोल राहत नाही. एवढं मोठं चाक घेणारा लेथवाला शोधण्यात आठवडा गेला. शूवर जाड लायनर चिकटवून घेतले आणि तेही नव्या ड्रमच्या मापात घासून घेतले, म्हणजे शू टोकावर टेकणार नाही, पूर्ण लांबीत बसेल. केबल नवी. जुन्या केबलचं बाहेरचं आवरण इतकं मऊ झालं होतं की अर्धा जोर ते आवरण दबण्यातच जात होता. ब्रेक पूर्ण लागताना प्लेटवरचा आर्म केबलशी काटकोनात यायला हवा. आमचा तो पार पुढे झुकलेला होता. शेवटी एक्सलचा नट ढिला ठेवून लिव्हर गच्च ओढायची आणि तशीच धरून नट आवळायचा. त्यानं शू ड्रमच्या बरोब्बर मध्यावर बसतात. ही शेवटची गोष्ट फुकट आहे, दोन मिनिटांची आहे, आणि चाक पंक्चरला काढून बसवलं की हमखास राहून जाते.

फरक खरोखर मोठा होता. इतक्या वर्षांत मी या गाडीचा ब्रेक कधी अनुभवलाच नव्हता, फक्त त्याचा थकवा अनुभवला होता. गावात, सपाटीवर, पाटणपर्यंत तो पुरेसा होता.

पण घाटात पुन्हा तीच अडचण आली, आणि यावेळी तिचं कारण माझ्या हातातच सापडलं. आण्णांचा हात मोठा आहे. आयुष्यभर पाने आणि व्हॉल्व्ह फिरवलेला. त्यांची दोन बोटं लिव्हरवर असली तरी गाडी थांबायची. मला चार बोटं लागायची, आणि ती लिव्हरपर्यंत पोचायला मूठ सैल करावी लागायची. कुंभार्ली उतरून पोफळीला आले की कोपरापासून मनगटापर्यंत हात भरून आलेला असायचा. आजवर मी हे कुणाला बोलले नव्हते, कारण मला तो माझा कमीपणा वाटत होता. ब्रेक नीट झाल्यावर कळलं की कमीपणा वगैरे काही नाही. केबलच्या ब्रेकमध्ये जोर बोटांतून यावा लागतो, आणि ही गाडी ज्या बोटांवर बेतली होती ती माझी नव्हती.

मधला एक मार्ग होता. जुन्या बुलेट 500 ला पुढे सात इंची, ट्विन लीडिंग ड्रम यायचा. साध्या ड्रममध्ये दोन शूंपैकी एकच फिरणाऱ्या ड्रमच्या ओढीनं आपसूक आत खेचला जातो. दुसऱ्याला ड्रम उलट मागे ढकलतो, त्यामुळे खरं काम एकटा पहिलाच करतो. ट्विन लीडिंगमध्ये प्लेटवर दोन कॅम असतात, त्यांना जोडणारी एक सळई असते, आणि दोन्ही शू आत खेचले जातात. दिसायला तर फारच सुंदर. जुन्या गाड्यांचे शौकीन मित्र म्हणाले हेच कर, गाडीचं रूप बिघडणार नाही. चाचांनी मला राजदूत 350 ची आठवण करून दिली. 1983 साली ती इथं आली तेव्हा तिच्या जपानी मूळ गाडीला पुढे डिस्क होती, आणि इथल्या गाडीला मात्र खर्च वाचवायला सात इंची ट्विन लीडिंग ड्रम दिला गेला. इंजिन तडफदार, आणि थांबायला ड्रम. चाचांनी त्या गाड्या भरपूर दुरुस्त केल्या आहेत. "चांगला ब्रेक आहे, पण उन्हातान्हात, घाटात, पावसात, किती वेळ?" त्यांनी विचारलं.

मूळपणाबद्दल माझं मत तेव्हाच पक्कं झालं. टाकीवरची सोनेरी रेघ मूळ असावी, अँपिअरचा काटा मूळ असावा, इंजिनाचा ठोका तर असावाच. पण माझ्या मागे आई बसते. पुढच्या एसटीतून उतरणारं पोर कुणाचं तरी असतं. ब्रेक मूळ ठेवण्याचा हट्ट हा त्या सगळ्यांच्या जिवावरचा हट्ट आहे आणि तो करायचा मला हक्क नाही.

तर डिस्क. कास्ट आयर्न इंजिनाच्याच नंतरच्या बुलेटना 280 मिलिमीटरची डिस्क आणि तिला दोन्ही बाजूंनी चिमटणारं दोन पिस्टनचं कॅलिपर आलं होतं. तोच पुढचा सगळा सेट शोधायचा : कॅलिपर धरायला कान असलेला शॉकअपचा पाय, डिस्कचा हब, लिव्हरशेजारचा मास्टर सिलिंडर, तेलाची होज. पुण्याला नाना पेठेत दोन फेऱ्या झाल्या. जुन्या बाजारातून घ्यायचं तर डिस्कवर कोरलेली किमान जाडी वाचायची आणि मोजून घ्यायची; मी आणलेली पहिली डिस्क त्याखाली भरली आणि परत गेली. सील आणि पॅड नवेच, त्यात तडजोड नाही. एकोणीस इंची रिम आमचीच ठेवली, पण हब वेगळा म्हणून तारा नव्या. चाकाचा आऊट, म्हणजे डगमग, काढायला चाचांनी अख्खी दुपार घेतली. टायरवरचे चार आकडे वाचले, म्हणजे कितव्या आठवड्यात, कुठल्या साली बनला ते. टायर नऊ वर्षांचा निघाला. नक्षी शाबूत होती, रबर लाकडासारखं. ब्रेक कितीही चांगला असला तरी शेवटी गाडी थांबवतो तो रस्त्याला चिकटलेला टायरचा तेवढा तुकडाच, म्हणून टायरही बदलला.

ब्रेक ऑइल भरायचं काम मात्र घरी, अंगणात केलं. आण्णांना खुर्ची टाकून गाडीच्या उजव्या अंगाला बसवलं. टाकीवर ओली गोधडी, कारण या तेलाचा थेंब रंगावर पडला तर रंग सोलवटतो. मी खाली, कॅलिपरच्या निपलला पारदर्शक नळी लावून तिचं टोक बाटलीतल्या तेलात बुडवून बसले.

"दाबा."

त्यांनी लिव्हर दाबली.

"धरून ठेवा." मी निपल पाव फेरा सैल केला. नळीतून बुडबुडे आले. निपल आवळला. "सोडा."

असं पंधरा-वीस वेळा. सुरुवातीला लिव्हर ओल्या स्पंजासारखी होती. आण्णा मध्येच म्हणाले, "तेल दबत नाही, हवा दबते. आत हवेचा एक बुडबुडा राहिला तरी तुझा जोर तो बुडबुडा खातो." मग इकडच्या लहान पिस्टनवरचा दाब तिकडच्या मोठ्या पिस्टनांवर तसाच्या तसा कसा पोचतो आणि क्षेत्रफळाच्या पटीत जोर कसा वाढतो, ते त्यांनी बाटलीच्या बुचावर बोट ठेवून दाखवलं. मला शाळेत हे शिकवलं होतं. आण्णांनी ते नोकरीभर वापरलं होतं. तेल उकळलं तर त्याची वाफ होते आणि वाफ म्हणजे पुन्हा दबणारीच गोष्ट, हेही त्यांनीच सांगितलं. नवं डॉट-4 तेल 230 अंशांपर्यंत उकळत नाही, पण ते हवेतली ओल पीत राहतं, आणि ओल प्यायलेलं तेल 155 च्या आसपासच उकळायला लागतं. कोकणाच्या तोंडाशी राहणाऱ्या माणसानं हे विसरू नये. दर दोन वर्षांनी बदलायचं, अशी तारीख त्यांनी वहीत लिहून ठेवली, त्या 0.4 युनिटच्या खालीच.

हळूहळू बुडबुडे थांबले आणि लिव्हर दगडासारखी झाली. आण्णांनी ती एका बोटानं दाबून बघितली. मग मला उठवून म्हणाले, "आता तू. एकच बोट."

एका बोटानं चाक थांबलं. मी कितीदा तरी चाक फिरवून थांबवत राहिले.

नव्या ब्रेकची भीतीही वाटली, आणि ती वाटायला हवी. देशात सव्वाशे सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या दुचाकींना एप्रिल 2019 पासून एबीएस, म्हणजे चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचं आहे. आमच्या गाडीला ते नाही. ते काम बोटांनाच करावं लागतं. ड्रमची सवय असलेला हात एकदम आवळतो, आणि ओल्या रस्त्यावर डिस्कनं पुढचं चाक एकदम धरलं तर सावरायला वेळच मिळत नाही. म्हणून सकाळी सकाळी मोकळ्या मैदानावर गेले. आधी नवे पॅड डिस्कवर घासून नीट बसावेत म्हणून वेग चाळीसवरून दहावर, पुन्हा चाळीस, पुन्हा दहा, पूर्ण न थांबता, वीस-पंचवीस वेळा. मग शिकणं : आधी हलकं दाबायचं, गाडीचं वजन पुढे येऊन टायर रस्त्यावर दबू द्यायचा, आणि मगच आणखी. या दोन हालचालींतलं अंतर अर्ध्या सेकंदाचंही नाही, पण ते सापडायला मला पंधरा दिवस लागले.

पावसाळा संपता संपता आण्णा म्हणाले, चल, बघू तरी. गुडघ्यांमुळे त्यांना मागे बसायला खुर्चीवर चढून यावं लागलं. पाटण, कोयनानगर, हेळवाक. घाटाच्या तोंडाशी मी दुसरा गिअर टाकला आणि मागून "हं" असं ऐकू आलं. ब्रेक लावायचा तेव्हा लावायचा आणि पूर्ण सोडायचा, धरून ठेवायचा नाही, हे ठरवून उतरत होते. एका वळणावर ओल्या पानांचा थर होता, पुढे म्हशी आडव्या आल्या. दोन बोटं दाबली. गाडीनं नाक खाली केलं आणि म्हशींच्या बरीच आधी थांबली. आण्णांचा हात माझ्या खांद्यावर होता, तो तिथंच राहिला, दाबला गेला नाही.

पोफळीला गाडी कडेला घेतली. आण्णा हळूहळू उतरले, माझा आधार घेऊन पुढच्या चाकाशी वाकले आणि हात पुढे केला. डिस्कला टेकवायचा नाही, हे त्यांना माहीत होतं. वीतभर अंतरावर हाताची उलटी बाजू धरून उभे राहिले, धग घेतली, मान हलवली. मला वाटलं झालं, आता चहा. पण ते तसेच गाडीला धरून मागच्या चाकापर्यंत गेले, तिथल्या जुन्या ड्रमला हात टेकवला आणि झटकन काढून घेतला.

"मागचा तापलाय," ते म्हणाले. "डावा पाय अजून घाबरतोय तुझा. परत येताना बघू."